अर्थिंगचं रीडिंग दर उन्हाळ्यात बिघडतंय? नवा खड्डा मारण्याआधी चेंबरचं झाकण उघडा

तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "मागच्या वर्षीच अर्थिंग नवीन केलं, तेव्हा साडेतीन ओहम होतं, आता अठरा दाखवतंय." हा आकडा म्हणजे वीज जमिनीत उतरताना होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा. कधी ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडून येते, कधी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपच्या मालकांकडून. कधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगतात. त्यांना ओहम माहीत नसतो, पण वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात हे पक्कं माहीत असतं. पुढचं सगळं ठरलेलं. कोणी दोन गोण्या मीठ ओतायला सांगतो, कोणी पाण्याचा टँकर मागवतो, आणि खर्चाची तयारी असेल तिथे 'मेंटेनन्स फ्री केमिकल अर्थिंग'चा नवा खड्डा मारला जातो. रीडिंग उतरतं. दोन पावसाळे जातात आणि फोन पुन्हा येतो.

इमारतींच्या आणि लहान कारखान्यांच्या विद्युत देखभालीत माझी पंधरा वर्षं गेली. अशा तक्रारीत मी आता आधी इलेक्ट्रोडवर, म्हणजे जमिनीत गाडलेल्या पाइप-रॉडवर, संशय घेत नाही. आधी चेंबर बघतो, म्हणजे इलेक्ट्रोडचं डोकं, त्याला जोडलेली धातूची पट्टी आणि मधली सोडता-जोडता येणारी लिंक ज्या छोट्या पेटीत असतात ती. जमिनीतला पाइप किंवा रॉड सहसा शांतपणे आपलं काम करत असतो. बिघडतो तो वरचा एक फूट. तिथे पाणी साचतं, तिथेच दोन धातू एकमेकांना भिडतात, तिथूनच टेम्पोचं चाक जातं, आणि गवंडी, माळी, प्लंबर सगळ्यांचे हातही तिथेच लागतात.

उघडण्याआधी

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. चालू यंत्रणेची अर्थ लिंक सोडवणं हे जिवावरचं काम आहे. पट्टीतून गळतीचा प्रवाह वाहत असेल, तर लिंक सुटताच दोन टोकांमध्ये व्होल्टेज उभं राहतं, आणि त्या क्षणी तुमचा एक हात पट्टीवर आणि दुसरा पाइपवर असतो. म्हणून आधी पट्टीला क्लॅम्प मीटर लावून प्रवाह बघा. काही शे मिलिअँपिअर दिसले तर लिंक सोडू नका, आधी गळती शोधा. ट्रान्सफॉर्मरच्या किंवा जनरेटरच्या न्यूट्रलचा पिट (अर्थिंगचा खड्डा) असेल तर दुसरा पिट जोडलेला आणि शाबूत आहे याची खात्री करा. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला (यंत्राच्या धातूच्या आवरणाला) दोन स्वतंत्र अर्थ द्यायची पद्धत याचसाठी आहे. दोन्ही कधीही एकदम सोडू नका. आभाळ गडगडत असेल तर काम उद्यावर ढकला. हे सगळं परवानाधारक माणसाचं काम आहे, वॉचमनकाकांच्या हातात पाना देऊन करून घ्यायचं नाही.

आणि झाकण हाताने उचलू नका, हूक किंवा पहार वापरा. ओलसर, अंधारी, शांत जागा विंचवाला आणि सापालाही आवडते. चेंबरमध्ये फुरसं निघालेलं मी स्वतः पाहिलं आहे.

रीडिंग कोणत्या दिशेने बिघडतंय?

ठरावीक काळाने परत येणाऱ्या बिघाडात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ऋतू. मार्चपासून मेपर्यंत रीडिंग हळूहळू चढत असेल आणि जुलैत आपोआप उतरत असेल, तर ते मातीचं काम आहे. माती सुकली, प्रतिरोध वाढला. उलट भर पावसाळ्यात, सगळीकडे चिखल असताना रीडिंग उन्हाळ्यापेक्षा वाईट येत असेल, तर दोष मातीचा असूच शकत नाही. तो सांध्याचा आहे. ओल्या गंजाचा थर फुगून पट्टी आणि पाइप यांना एकमेकांपासून वेगळं करतो आहे. पट्टीला पान्याने हलकंसं ठोकल्यावर आकडा उडी मारत असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. पट्टीभोवती जबडा अडकवून मोजणाऱ्या क्लॅम्पच्या अर्थ टेस्टरने रीडिंग ०.२ ओहम येतं आणि सगळे खूश होतात. एका रॉडला ०.२ ओहम मिळणं आपल्याकडच्या जमिनीत जवळजवळ अशक्य आहे. तुम्ही बहुधा जमिनीचा नाही, धातूच्या वेटोळ्याचा प्रतिरोध मोजला. क्लॅम्प एका बंद फेऱ्यात सिग्नल सोडतो. ती फेरी एका पट्टीवरून निघून दुसऱ्या पट्टीवरून परत येत असेल, तर मातीचा त्यात संबंधच नाही. आणि पिट एकटाच असेल, बाकी कशाला जोडलेलाच नसेल, तर क्लॅम्प काहीच दाखवत नाही, कारण फेरी पूर्ण होत नाही.

किती रीडिंग यायला हवं याचा अंदाज स्वतः काढता यावा म्हणून एक हिशोब देतो. ३ मीटर लांब, १७.२ मिलिमीटर व्यासाचा रॉड घ्या. मातीची रोधकता (ती विजेला किती अडवते ते) १० ओहम-मीटर असेल, म्हणजे चांगली ओलसर काळी माती, तर त्या एका रॉडचा प्रतिरोध सुमारे ३.३ ओहम येतो. तोच रॉड १०० ओहम-मीटरच्या मुरमात ३३ ओहम देतो. हे सरळ प्रमाण आहे, माती दहापट वाईट तर आकडा दहापट. म्हणून मुरमात एका रॉडवर "दोन ओहम आले" असं कोणी सांगितलं तर मी कागदावर सही करण्याआधी पुन्हा मोजतो.

सांधा की माती: अर्ध्या तासाची तपासणी

बहुतेक ठिकाणी रीडिंग चुकीच्या जागेवरून घेतलं जातं. पॅनेलजवळ पट्टी सोडवायची, तिथे टेस्टरची वायर लावायची आणि आलेला आकडा 'पिटचं रीडिंग' म्हणून वहीत लिहायचा. त्या आकड्यात माती आहे, पाइप आहे, चेंबरमधला सांधा आहे, पन्नास फूट पट्टी आहे आणि वाटेतले दोन जोडही आहेत. दोष नक्की कुठे आहे ते त्यातून कळत नाही.

म्हणून दोनदा मोजा. लिंक सोडवा. पाइपच्या किंवा रॉडच्या डोक्यावरचा गंज कानशीने घासून चकचकीत धातू काढा, क्लिप तिथे लावा आणि तीन टोकांच्या पद्धतीने मोजा. प्रवाहाची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर. मग व्होल्टेजची खुंटी तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे नेऊन पुन्हा बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मापन खरं. मोठा फरक आला तर प्रवाहाची खुंटी पिटच्या फार जवळ आहे किंवा खालून पाण्याचा लोखंडी पाइप जातो आहे. दिशा बदला. सोसायटीत तीस मीटर मोकळी जमीन कुठली, असं विचाराल. मीही बऱ्याचदा फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेच्या मातीत खुंटी मारली आहे.

हे झालं फक्त मातीचं आणि इलेक्ट्रोडचं माप. आता लिंक परत जोडा, पॅनेलकडचं टोक सोडवा आणि तिथून मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सांधे आणि पट्टी. चांगल्या कामात हा फरक ओहमच्या दशांशातही जेमतेम दिसतो.

चार टर्मिनलचा डिजिटल टेस्टर असेल तर आणखी थेट मार्ग आहे. एका बाजूची दोन टोकं पट्टीवर आणि दुसऱ्या बाजूची दोन पाइपवर लावा, मध्ये फक्त सांधा राहील अशी. वायरींचा प्रतिरोध आपोआप वगळला जातो आणि सांध्याचा नेमका आकडा मिळतो. तो शून्याच्या आसपासच असायला हवा. ०.१ ओहम दिसला तरी मी सांधा उघडतो. टेस्टर काही मिलिअँपिअरच सोडतो आणि गंजाच्या एका टोकदार कणावरूनही तेवढा प्रवाह जातो. फॉल्टच्या वेळचे शेकडो अँपिअर तिथून जाणार नाहीत, सांधा जळेल. त्यामुळे आकडा चांगला आला तरी डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका गृहसंकुलात हेच झालं. चार इमारती, आठ पिट, वरून सगळी काळी माती. तीन नंबरचा पिट पॅनेलकडून १८ ओहम दाखवत होता. त्याआधीच्या तीन वर्षांत त्यात मीठ पडलं होतं, एकदा शेजारी नवा पाइपही ठोकला होता. मी पाइपच्या डोक्यावर मोजलं: ३.६. चौदा ओहमहून जास्त प्रतिरोध त्या एका फुटात होता. तांब्याची पट्टी, जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, मध्ये एकच साधा लोखंडी बोल्ट, आणि सगळं खारट पाण्यात बुडालेलं. पान्याने बोल्ट फिरवला तर त्याचं डोकं हातात आलं.

१८ ओहमचा अर्थ सेक्रेटरींना सांगायला मी एक भागाकार करून दाखवला. २३० भागिले १८, म्हणजे जेमतेम १३ अँपिअर. गिझरच्या बॉडीवर फेज आला तरी १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हलणार नाही, आणि बॉडी तशीच जिवंत राहील. ३.६ ओहमला ६४ अँपिअर येतात, एमसीबी काही सेकंदांत पडतो. तेवढे सेकंदही माणसाला फार आहेत, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) घरोघरी हवाच. चांगलं अर्थिंग आहे म्हणून तो टाळता येत नाही. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या झिणझिण्यांचं कारण मात्र वेगळंच निघालं. त्यांच्या सॉकेटची अर्थ वायर आतच तुटलेली होती. घरातल्या झिणझिण्यांसाठी सरळ पिटकडे धावू नका, आधी सॉकेट उघडा.

चेंबर तेच काम बिघडवतं कसं?

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण आजचा प्रत्येक दोष चेंबरच्या एखाद्या पिढीबरोबर आलेला आहे.

आपल्याकडच्या अर्थिंगचा पाया आयएस ३०४३ हे भारतीय मानक. पहिलं १९६६ चं, मग १९८७ ची सुधारणा, आणि आताचं २०१८ चं. जुन्या वायरमनला खड्डा म्हटला की जे चित्र दिसतं ते तिथलंच: ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर जाळी लावलेलं नरसाळं, विटांचं चौकोनी चेंबर आणि बिजागरीचं बिडाचं झाकण. नरसाळ्यातून उन्हाळ्यात पाणी घालायचं. प्लेट अर्थिंग असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट दीड मीटर खाली, पण वरची व्यवस्था तीच. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती: रोज येणारा, बघणारा, पाणी घालणारा माणूस. सबस्टेशनात तो असतो. सोसायटीत नसतो.

मग काय होतं? मीठ टाकलेलं पाणी नरसाळ्यात कमी आणि सांध्यावर जास्त पडतं. जो सांधा सगळ्यात कोरडा राहायला हवा त्याला आपण दरवर्षी खारट पाण्याने न्हाऊ घालतो. शिवाय बिडाचं झाकण भंगारात विकलं जातं. झाकण गेलं की चेंबर कचराकुंडी होतं, आणि अंधारात कोणाचा तरी पाय त्यात जातो.

चोरीवर उपाय म्हणून सिमेंटचं तयार चेंबर आणि जड काँक्रीटचं झाकण आलं. झाकण चोरीला जाईना, पण उघडलंही जाईना. उचलायला दोन माणसं, कड्या गंजून तुटलेल्या, फटीत माती बसून घट्ट. मी उघडलेल्या अशा कित्येक चेंबरमध्ये बसवल्या दिवसापासून कोणी डोकावलेलं नव्हतं. तपासणीसाठी बांधलेली पेटी तपासणीच अडवत होती.

रेल्वेने या बाबतीत चांगला शिरस्ता घालून दिला. सिग्नल यंत्रणेच्या अर्थिंगसाठी आरडीएसओने (रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेने) २००८ साली काढलेल्या तपशिलात चेंबर आतून ३०० बाय ३०० बाय ३०० मिलिमीटर, गुळगुळीत प्लास्टरचं, आणि झाकण सुमारे ५० मिलिमीटर जाडीचं, उचलायच्या हुकांसह, असं मांडलेलं आहे. सांधा फार खोल जाऊ नये आणि वर डोकावूही नये म्हणून भोवतालच्या जमिनीची पातळी बघायला सांगितलं आहे. तपासणीची तारीख आणि रीडिंग झाकणावर रंगाने लिहायचं हेही त्यातच. एवढी साधी गोष्ट, पण पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचवते.

त्यानंतरची पिढी पॉलिमरची: पॉलिप्रॉपिलीनची किंवा एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) तयार पेटी, झाकण बोल्टने बसणारं. हलकी, गंजत नाही, भंगारवाला घेत नाही. याच काळात या पेट्यांना स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक मिळालं. आकाशातल्या विजेपासून संरक्षण देणाऱ्या यंत्रणेच्या सुट्या भागांसाठी असलेल्या आयईसी ६२५६१ मालिकेचा पाचवा भाग फक्त इलेक्ट्रोडच्या तपासणी पेट्या आणि सील यांच्यासाठी आहे. त्याची पहिली आवृत्ती २०११ ची. त्याआधी युरोपात ईएन ५०१६४-५ हे मानक होतं. पेटीवर भार टाकून बघायचा, तो झेलल्यावर ती तडकलेली चालणार नाही, अशी परीक्षा त्यात आहे. चेंबर म्हणजे गवंड्याने उरलेल्या विटांत उरकायचं काम नाही, तो यंत्रणेचा एक भाग आहे, हे त्यातून पहिल्यांदा कागदावर आलं असं मला वाटतं.

पण बाजारातली प्रत्येक हिरवी पेटी त्या परीक्षेतून गेलेली नसते. उन्हाने ठिसूळ झालेली झाकणं मी बोटाने मोडली आहेत. दोनशे मिलिमीटरच्या पेटीत पाना फिरत नाही, क्लॅम्प टेस्टरचा जबडा शिरत नाही, आणि मग माणूस लिंक न सोडवता, अंदाजाने आकडा लिहून मोकळा होतो. पेटी घेताना दुकानातच आत हात घालून बघा. दोन्ही हात आणि पाना मावला पाहिजे.

काळी माती

यावर वेगळं लिहावं लागतं, कारण मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर आणि पुण्याचा पूर्व भाग या सगळ्या पट्ट्यात रीडिंग पुन्हा पुन्हा बिघडण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या चेंबरभोवतीही पडतात. हलकी पेटी पावसाळ्यात वर उचलली जाते, उन्हाळ्यात तिरकी बसते. तीन मीटर खोल ठोकलेला रॉड मात्र जागचा हलत नाही. पेटी हलते, रॉड हलत नाही, आणि दोघांच्या मध्ये ताणून बसवलेली पट्टी. दोन-तीन वर्षांत ती सांध्याशी वाकते, बोल्ट सैल होतो किंवा पट्टीला भोकाजवळ चीर पडते. पेटीला पट्टीसाठी खाच पुरेशी ठेवलेली नसेल तर पेटीचं सगळं वजन पट्टीवर येतं. तीन नंबरच्या पिटात गंजाच्या जोडीला हेही होतं.

उपाय स्वस्त आहे. चेंबरच्या आत पट्टीला एक सैल वळसा ठेवा, वीतभर लांबीचा. पट्टी पेटीच्या भिंतीतून जाते तिथे पट्टीपेक्षा मोठी खाच ठेवा आणि ती लवचीक सीलंटने बुजवा, सिमेंटने नाही. पेटी थेट काळ्या मातीवर ठेवू नका. चारी बाजूंनी आणि खाली सहा इंच तरी काळी माती काढून मुरूम आणि खडी भरून घट्ट करा.

उन्हाळ्यात माती रॉडपासून सुटते आणि मध्ये हवेची फट पडते, हा दुसरा त्रास. इथे रॉडभोवतीच्या भरावाचा उपयोग होतो, पण भराव कोणता ते बघा. बेंटोनाइट ओलं असेपर्यंत उत्तम काम करतं, पण तीही फुगणारी-आकसणारीच माती आहे, पूर्ण सुकली तर भेगा तिलाही पडतात. कोरड्या जागी घट्ट बसणारं कार्बनयुक्त मिश्रण मला जास्त भरवशाचं वाटतं.

कोकणात प्रश्न वेगळा आहे. तिथे जांभ्यात मुळात रीडिंगच कमी येत नाही, आणि समुद्राची खारी हवा चेंबरमधले बोल्ट खाते. तिथे रॉडची संख्या वाढवावी लागते, तेही एकमेकांपासून रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर. जवळजवळ ठोकले तर दोन रॉड मिळून दीड रॉडाएवढंही काम करत नाहीत.

चेंबर परत कसं बांधलं

तीन नंबरचं चेंबर आम्ही उपटून काढलं. तळाला गवंड्याने कोबा केला होता. हे मी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत बघतो: काम स्वच्छ दिसावं म्हणून तळ सिमेंटने बंद करतात आणि चेंबरची टाकी होते. तळ उघडा हवा. आम्ही चार इंच खडी टाकली, म्हणजे आलेलं पाणी खाली जिरेल आणि तेवढाच ओलावा इलेक्ट्रोडलाही मिळेल. सांधा खडीच्या वर किमान चार इंच राहील असा पाइपचा माथा ठेवला.

लिंक नवीन केली. पाइप जीआयचा, म्हणून चेंबरमधली पट्टीही जीआयची घेतली, ५० बाय ६ मिलिमीटरची. जुन्या तांब्याच्या पट्टीशी जोड द्यावाच लागला, तिथे तांब्याच्या टोकाला कथिलाचा मुलामा देऊन घेतला आणि तो जोड चेंबरबाहेर भिंतीवर, कोरड्या जागी नेला. तांबं आणि जस्त ओल्यात एकमेकांना भिडले की जस्त झिजत जातं, आणि त्यानंतर पाळी खालच्या लोखंडाची. प्रत्येक जोडाला एक नाही, दोन बोल्ट, स्टेनलेसचे, स्प्रिंग वॉशरसह. एका बोल्टवर पट्टी फिरते, दोनवर फिरत नाही. टेकणाऱ्या पृष्ठभागांवरचा रंग पूर्ण घासून काढला. रंगाच्या थरावर आवळलेले कितीतरी सांधे मी पाहिले आहेत, बाहेरून देखणे, आत मात्र धातू धातूला टेकलेलाच नाही. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीची टेप गुंडाळली.

इथे एक मतभेद आहे आणि माझं मत मी स्पष्ट सांगतो. बरेच जण म्हणतात, सांधा गंजतो ना, मग वेल्डच करून टाका. रॉड आणि पट्टी यांचा जमिनीखालचा जोड वेल्ड करा, जरूर करा. पण चेंबरमध्ये एक तरी सुटणारी लिंक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर तो इलेक्ट्रोड एकटा कधीच मोजता येणार नाही, आणि मग ते चेंबर कशासाठी?

झाकणाची निवड जागेवर ठरते. बागेत हलकं पॉलिमरचं झाकण चालतं, चेंबरचा माथा जमिनीपासून दोन इंच वर ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत वळणार नाही. गाड्या जातात तिथे मात्र वजनाचा दर्जा बघूनच झाकण घ्या. मॅनहोलच्या झाकणांच्या मानकात अडीच टन, दहा टन, वीस टन असे वर्ग आहेत. पाण्याचा टँकर येतो त्या वाटेवर अडीच टनाचं झाकण म्हणजे ते फुटणार हे नक्की. जमल्यास पिटच वाटेतून बाजूला घ्या.

त्या संकुलातले दोन पिट आम्हाला सापडतच नव्हते. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याने त्यांच्यावरून सरळ फरशी ओढली होती. जुने वॉचमनकाका आले, गुलमोहरापासून पावलं मोजली आणि बोट दाखवलं. तिथेच निघाले. ते नसते तर आम्ही अर्धं अंगण उकरलं असतं. म्हणून भिंतीवर, पिटच्या समोर, कायमची पाटी लावा: पिटचा नंबर आणि भिंतीपासूनचं अंतर.

तळघरातला पिट

नव्या इमारतींत जागा नसल्यामुळे रॉड तळघराच्या राफ्टमधून (पायाच्या काँक्रीटच्या जाड थरातून) खाली ठोकतात. इथली तक्रार वेगळी असते. रीडिंग छान, पण पावसाळ्यात चेंबर तुडुंब आणि पार्किंगमध्ये पाणी. रॉडच्या कडेने भूजल वर येतं. वरून कितीही सिमेंट लावलं तरी ते थांबत नाही, कारण पाणी खालून दाबाने येतं. राफ्ट भरतानाच रॉडभोवती घट्ट बसणारं सील टाकावं लागतं. आयईसीच्या त्याच पाचव्या भागात या सीलांचीही परीक्षा दिलेली आहे. नंतर दुरुस्ती करायची तर फुगणारी वॉटरस्टॉप पट्टी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटिंग हेच मार्ग उरतात आणि दोन्ही खर्चीक आहेत. बांधकाम चालू असेल तर आजच साइटवर विचारा.

कधी मोजायचं

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच लिहिलेलं होतं की वीजपुरवठा करणाऱ्याने दोन वर्षांतून निदान एकदा अर्थिंगची चाचणी घ्यावी, तीही कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी. मी दरवर्षी दोनदा मोजतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टमध्ये. मेचं रीडिंग माती किती वाईट होऊ शकते ते सांगतं, ऑगस्टचं रीडिंग सांधा. दोन्ही एकाच जागी, झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायचे, तारखेसह. वही हरवते, झाकण तिथेच राहतं.

त्या संकुलात तीन नंबरचा पिट ऑगस्टमध्ये ३.४ आणि पुढच्या मेमध्ये ३.९ आला. दोन्ही वेळा पॅनेलकडून आणि पाइपच्या डोक्यावरून आकडा सारखाच. पाच नंबर अजून छळतो आहे. सांधा स्वच्छ, चेंबर कोरडं, तरी मेमध्ये अकरा आणि ऑगस्टमध्ये चार. तिथे पाइप फुटभर काळ्या मातीखालच्या मुरमात उभा आहे, त्यामुळे चेंबरमध्ये काही केलं तरी उपयोग नाही. सहा मीटरवर दुसरा रॉड मारून दोन्ही जोडायचे ठरले आहेत. खड्ड्याची खूण करून ठेवली आहे, माळीकाकांनी तिथली जास्वंद हलवली की काम सुरू.